व्याह्याचं पिल्लू आणि माझा सोफा

माल कितीही आवडला तरी त्याचं कौतुक करायचं नाही, या एका नियमावर मी माझं घर उभं केलं. मंगरूळपीरला माझा जुन्या लाकडाचा धंदा आहे. कुणी घर पाडलं की त्याची दारं, खिडक्या, खांब, टिनपत्रे मी उचलतो आणि नवं बांधणाऱ्याला विकतो. सुरुवात भंगाराच्या हातगाडीपासून केली. समोर अस्सल सागवानी दार असलं तरी मी आधी तोंड वाकडं करतो, नखानं टोकरतो, आतून किडलं आहे म्हणतो आणि चपला घालून निघतो. फाटकापर्यंत पोचायच्या आत मालक हाक मारतो. त्यानंतरच खरं बोलणं सुरू होतं. आजवर या बाबतीत मला कुणी हरवलं नव्हतं. हरवलं ते एका कुत्रीनं, आणि तेही मी तिच्याबद्दल एक चांगलं वाक्य बोललो म्हणून.

माझी मुलगी रिठदला दिली आहे. व्याही मोठे शेतकरी. सोयाबीन, तूर, हळद, दोन विहिरी आणि दोन्हींना पाणी. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा त्यांची हळद शिजवणं चालू होतं. वावरात मोठाली कढई, वाफ, आणि वाळत घातलेल्या हळदीचे ढीग. ढिगाजवळ एक कुत्री बसलेली. व्याही बोलेपर्यंत तिनं मला एक पाऊल पुढे टाकू दिलं नाही.

जेवण झालं, सुपारी झाली, आणि मला काहीतरी चांगलं बोलणं भाग पडलं. सोयऱ्याच्या दारात तोंड वाकडं करून चालत नाही. हळदीला चांगलं म्हणावं तर पोतं गाडीत टाकतील. आमच्याकडे सोयरिकीत अशी रीत आहे की पाहुण्यानं ज्या वस्तूचं नाव घेतलं ती त्याला द्यायची. तोही दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. फुकटचं पोतं घेतलं असतं तर व्याह्याचं ओझं माझ्या डोक्यावर आलं असतं. म्हणून मी हिशेबानं अशी वस्तू निवडली जी कुणी देणारच नाही. म्हणालो, "कुत्री भारी हाय तुमची. राखण असावी तं अशी."

तिला पिल्लं असतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. व्याही उठले, कडब्यामागे हात घातला आणि एक पिवळट पिल्लू काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "माईवरच गेलं हाय. आवडली ना, मंग न्या." मी नको म्हणालो. पुन्हा नको म्हणालो. तिसऱ्यांदा तोंड उघडायच्या आत पिल्लानं माझी पॅन्ट ओली केली, आणि मी भाड्यानं आणलेल्या जीपचा ड्रायव्हर हसायला लागला.

घरी आल्यावर बायकोनं कायदा सांगितला. लेकीच्या सासरहून आलेली वस्तू परत करता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, आणि तिची हेळसांड तर अजिबात करता येत नाही. मी म्हटलं, अंगणात बांधू. अंगणात माझी टिनं आणि लोखंड पडलेलं असतं, चैत्रातच तिथे पाय ठेववत नाही. ती म्हणाली, "बाहेर बांधलं अन् उनानं मेलं, तं पोरीनं तिथं काय तोंड दाखवावं?" पिल्लू घरात आलं आणि थेट कूलरसमोर जाऊन झोपलं. मी उन्हात गिऱ्हाईक सांभाळणार आणि व्याह्याचं कुत्रं माझ्या विजेवर गार वारा खाणार.

एवढंही मी सोसलं असतं. पण बैठकीत माझा सोफा होता.

त्या सोफ्याचं कारण सांगायलाच पाहिजे. साखरपुड्याला रिठदची मंडळी आमच्या घरी आली तेव्हा आम्ही त्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. विहीणबाई बसल्या आणि खुर्चीचे पाय फाकले. त्या सावरल्या आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "लाकडाचा धंदा हाय म्हणते, अन् घरात बसाले लाकूड नाही." सगळे हसले. मीही हसलो. चार बायका हसल्या याचं मला काही नाही. पण बापाच्या घराला जे नाव ठेवलं जातं ते मुलीला सासरी रोज ताटात वाढलं जातं, हे मी माझ्या बहिणींच्या बाबतीत पाहिलं आहे. माझ्या मुलीच्या बाबतीत ते होऊ द्यायचं नाही, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

कामरगावच्या एका पाडलेल्या घरातलं सागवान मी मागे राखून ठेवलं होतं. कितीतरी गिऱ्हाइकांनी मागितलं, मी विकलं नाही. ते काढलं, सुताराला घरी बसवलं आणि तिघांना ऐसपैस बसता येईल असा सोफा करून घेतला. खरादावर, म्हणजे लाकूड फिरवून कोरायच्या यंत्रावर, उतरवलेले गोल पाय, पायांवर कोरीव गोल कडी, रुंद हात. पॉलिश मी स्वतः समोर उभं राहून करून घेतलं. पण लग्न मंगल कार्यालयात झालं आणि वऱ्हाड तिथूनच परत गेलं. सोफा त्यांनी पाहिलाच नाही.

मग धोंड्याचा महिना आला, म्हणजे अधिक महिना. त्यात पुरणाचे धोंडे करून जावयाला आणि त्याच्या घरच्यांना जेवायला बोलावतात. लग्नानंतरचं हे पहिलंच निमंत्रण. विहीणबाई बैठकीत येतील, त्याच सोफ्यावर बसतील, बस. तोवर सोफ्याला ओरखडा येऊ नये, एवढीच माझी मागणी होती.

पिल्लानं आधी चपला खाल्ल्या, मग पायपुसणं. त्याबद्दल मी थोडंफारच बोललो. मग एका दुपारी बैठकीतून कर्र कर्र असा आवाज आला. जुन्या लाकडात भुंगा लागला की असा आवाज येतो, म्हणून मी धावलो. सोफ्याखाली पिल्लू उताणं पडलं होतं आणि पुढचा डावा पाय त्याच्या जबड्यात होता. पायावरची कडी अर्धी गेली होती. सुतारानं दिवसभर बसून उतरवलेली कडी.

मी असा ओरडलो की शेजारी गोळा झाले. बायको पिल्लाला उचलून घेत म्हणाली, लेकरू आहे, दात शिवशिवतात त्याचे. मी म्हटलं, आपल्या मुलांनाही दात आले होते, त्यांनी कपाट खाल्लं नव्हतं.

शेजाऱ्यांनी जाता जाता फुकटचा सल्ला दिला की लाकडाला तिखट लावा, कुत्रं पुन्हा तोंड लावणार नाही. सल्ला पटण्यासारखा होता. कोरडं तिखट पायावर टिकेना, घसरून फरशीवर पडे. मी डोकं लावलं. वाटीत तेल घेतलं, त्यात मूठभर लाल तिखट कालवलं, आणि ते दाट मिश्रण चारही पायांना चोपडलं. मग समोर खुर्ची टाकून मजा पाहायला बसलो.

पिल्लू आलं. त्यानं हुंगलं. जीभ लावली. शेपूट हलवली. मग एका पायावरून दुसऱ्या पायावर जात सगळं चाटून पुसून साफ केलं, आणि तोंडाला चव आलीच आहे म्हणून पुन्हा कडी खायला घेतली.

मला वाटलं, मला भास होतो आहे. बायकोला बोलावलं. तिला हसू आवरेना. म्हणाली, "अहो, ते सकाळ-संध्याकाळ काय खाते? तेल-तिखट अन् भाकरच खाते ना." आमच्या घरी ती न्याहारीच आहे. ज्वारीची भाकर, वरून तेल आणि तिखट. आम्ही खातो तेच तिनं त्याला पहिल्या दिवसापासून कुस्करून घातलं होतं. दुसऱ्यांच्या घरची कुत्री तिखटानं पळत असतील. आमच्या घरी मी स्वतःच्या हातानं सागवानाला कालवण लावून वाढलं होतं.

मग कडुनिंबाचा पाला उकळला. काढा इतका कडू होता की भांडं घासणाऱ्या बायकोनंही शिव्या दिल्या. तो लावल्यावर पिल्लू खरंच लांब राहिलं. पण सकाळी पाहतो तर पॉलिशवर पांढरे डाग उठलेले. म्हणजे कुत्र्यानं केलं नाही तेवढं नुकसान मीच केलं. पायांना गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधलं, तर पिल्लाला तो खेळ वाटला. त्यानं सुतळी सोडवली आणि गोणपाट घरभर ओढत फिरलं.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पिल्लाचा ओठ वर करून पाहिला आणि सांगितलं की दुधाचे दात पडून नवे येत आहेत, काही महिने चालेल, त्याला चावायला त्याचं स्वतःचं काहीतरी द्या. मी तुराट्यांची मोळी आणून टाकली. त्यानं तुराट्यांचा भुगा केला आणि मग लाकडाची सवय झाल्यासारखं सोफ्याकडे वळलं. बायकोनं जुन्या पंचाला गाठी मारून तो माठातल्या पाण्यात भिजवून दिला. हे मात्र त्याला पसंत पडलं. अट एकच की दुसरं टोक कुणीतरी धरलं पाहिजे. बायको स्वयंपाकात, म्हणजे धरणार मी. भर दुपारी, धंद्याच्या वेळेला, मी बैठकीत मांडी घालून कुत्र्याशी पंचाची ओढाताण करत होतो. मानोऱ्याचं एक गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं आणि बराच वेळ बघत होतं. त्या दिवशी त्यानं खिडक्यांचा असा भाव पाडून मागितला की माझा संताप संताप झाला. पण ज्याला कुत्र्याशी खेळताना पाहिलं त्याला कोण घाबरणार?

अखेर माझा धंदाच कामाला आला. भंगारात तुषार सिंचनाचे काळे पाइप पडले होते. त्यांचे तुकडे कापले, उभी चीर दिली आणि सोफ्याच्या पायांवर चढवले. दात लागेनात. पण तो देखणा सोफा पायाला प्लास्टर बांधलेल्या नवरदेवासारखा दिसू लागला. आणि तेवढ्यात पिल्लू वाढलं. मागच्या पायांवर उभं राहून ते सोफ्याच्या हातांपर्यंत पोचलं. मग मी शेजारच्या दोघांना बोलावलं आणि सोफा उचलून पलंगावर चढवला. पाहुणे येईपर्यंत आमच्या घरात सोफा पलंगावर, कुत्रं कूलरसमोर, आणि आम्ही नवरा-बायको फरशीवर चटई टाकून. या घराचा मालक कोण, असा प्रश्न मी बायकोला रोज विचारत होतो. ती म्हणायची, हळू बोला, त्याची झोप मोडते.

पण चटईवर पडल्या पडल्या माझं डोकं चालत होतं. सोयरिकीची रीत काही एकट्या माझ्यासाठी नव्हती. व्याही आमच्या घरी येणार. त्यांनी पिल्लाबद्दल एक चांगला शब्द काढला की ते त्यांच्या गाडीत. धोंड्याच्या दिवशी सकाळी मी पिल्लाला साबण लावून आंघोळ घातली, गळ्यात लाल पट्टा बांधला. सोफा खाली उतरवला, पाइप काढले, कुरतडलेला पाय भिंतीच्या कोपऱ्याकडे केला आणि त्यावरून चादरीचं टोक सोडलं.

मंडळी आली. व्याही, विहीणबाई, जावई आणि माझी मुलगी. व्याही दारातच थांबले. पिल्लू बैठकीच्या मधोमध बसलेलं होतं.

"हे घरात राह्यते?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "तुमी देल्लं हाय. बाहेर कसं ठेवीन?"

व्याही हसायला लागले ते थांबेचनात. डोळे पुसत म्हणाले, "इवाई, कुत्रं हाय ते. वावरातलं जनावर. त्याच्या मायनं आमच्या घराचा उंबरा कधी पाह्यला नाही."

माझे कान तापले. सगळा उन्हाळा मी मान राखला तो कुणाचा? ज्यांचा मान म्हणून कुत्र्याला कूलर दिला, त्यांच्या लेखी ते कडब्यामागचं जनावर. मी बायकोकडे पाहिलं. तिला एकाएकी पुरणाची आठवण झाली आणि ती आत गेली.

तरी मी संधी सोडली नाही. म्हणालो, "मंग वावरातच शोभन. छाती पाहा त्याची. राखणीले असं कुत्रं तुमच्या सगळ्या गावात नसन."

व्याही वाकले. त्यांनी पिल्लाच्या पाठीवरून नख फिरवलं, कान उचलून सोडला आणि तोंड वाकडं केलं. "कान पडेल हाय. अन् आवाज बारीक दिसते."

मी आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात जे केलं ते कुणीतरी माझ्या दारात करत होतं, आणि माझ्याहून बरं करत होतं. जेवताना मी पुन्हा पुन्हा विषय काढला. त्यांनी दर वेळी धोंड्यांचं कौतुक केलं. बायको लगेच उठून डबा भरायला लागली.

जेवणानंतर सगळे बैठकीत बसले. विहीणबाई सोफ्यावर बसल्या. सोफ्याच्या हातावरून त्यांनी तळवा फिरवला, एकदा, परत एकदा. मग म्हणाल्या, "सागवान हाय ना? लय देखणं केलं, बापा. आमच्या इकडं कोणाघरी असं नाही."

ज्या वाक्यासाठी मी साखरपुड्यापासून थांबलो होतो ते वाक्य हेच. ते ऐकून मला जो आनंद व्हायचा तो झालाही असेल, पण त्याला बसायला वेळ मिळाला नाही. कारण सगळ्यांनाच ती रीत आठवली. व्याही छताकडे बघू लागले. जावई मोबाइलमध्ये शिरले. बायको स्वयंपाकघराच्या दारात डबा हातात धरून उभी. माझी मुलगी पाण्याचे पेले घेऊन आली होती, ती तिथेच थांबली. ती सोफ्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिला त्याच घरी परत जायचं होतं.

"आवडला ना, मंग न्या," मी म्हणालो.

"नाही, नाही. एवढी मोठी वस्तू."

"न्या म्हणतो ना."

"राहू द्या, बापा. मी आपलं सहज म्हणलं."

मला वाटतं, बाई खरंच नको म्हणत होत्या. इथे थांबता आलं असतं. सौद्यात कुठे थांबायचं हे मंगरूळपिरात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. पण आत्ता मी थांबलो तर 'बापानं दोनदा म्हटलं अन् तिसऱ्यांदा जीभ आवरली' हे माझ्या मुलीला किती वर्षं ऐकावं लागेल, याचाही मला अंदाज होता. मी तिसऱ्यांदा म्हणालो. मुलीनं पेले खाली ठेवले.

विहीणबाई उठल्या आणि सोफा नीट बघू लागल्या. चादरीचं टोक वर केलं. "अन् हे काय झालं?"

आता मात्र माझा सगळा उन्हाळा बाहेर आला. "ते तुमच्याच पिल्लाचं काम हाय. माह्या लाकडाले नाव ठेवू नका." त्याच दमात तिखट, काढा, गोणपाट, पाइप, सगळं सांगितलं. व्याही मांडीवर थापा मारून हसत होते. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी वाकून दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "असू द्या. तसाच नेतो."

चार दिवसांनी टेम्पो आला. मी सोफा गोधड्यांत गुंडाळला, दोर कसा बांधायचा यावरून ड्रायव्हरशी भांडलो आणि टेम्पो वळणावर जाईपर्यंत उभा राहिलो. पिल्लू माझ्या शेजारी उभं राहून भुंकत होतं. बारीक आवाजात.

हा व्यवहार मी अनेकदा मांडून पाहिला. त्यांना सागवानी सोफा मिळाला, मान मिळाला, जेवण मिळालं, वर धोंड्यांचा डबा. मला त्यांचं कुत्रं. एवढा तोट्याचा सौदा मी हातगाडीच्या काळातही केला नव्हता. बायकोला हे सांगितलं की ती म्हणते, "तुमीच म्हणलं न्या." जणू मी हौसेनं म्हणालो होतो.

परवा मुलीचा फोन आला. मी पहिला प्रश्न सोफ्याचाच विचारला. कुठे ठेवला? ओसरीत तर नाही ना, गड्यांच्या चिखलाच्या पायांखाली? ती म्हणाली, "नाही बाबा, बैठकीत हाय. मी त्याच्यावरच बसून बोलून राह्यली. सासूबाईच म्हणल्या, तुह्या बापानं देल्लं हाय, तू बस."

मी म्हटलं, त्यात म्हणायचं काय? बसायला सांगावं लागतं?

ती म्हणाली, "इथं सुना खालीच बसतात, बाबा. मोठ्या माणसांपुढं."

मी विचारलं, "म्हणजे इतके दिवस तू खाली बसत होतीस?"

तिनं पिल्लू कसं आहे ते विचारलं. लग्न ठरवताना मी तारखेवरून भांडलो, कार्यालयावरून भांडलो, जेवणातल्या गोडावरून भांडलो, आणि त्या भल्या माणसांनी तेव्हा हे एक मला सांगितलं नाही. माझं डोकं असं फिरलं की लगेच व्याह्याला फोन द्यायला सांगणार होतो. तेवढ्यात तिकडून कुणीतरी खाकरत आत आल्याचा आवाज आला. व्याहीच असावेत. पोरगी हळू आवाजात म्हणाली, "ठेवते, बाबा."

मी म्हणालो, "उठजो नको. कोणी आलं तरी बसून राह्य."

फोन लगेच बंद झाला नाही. मी कान देऊन ऐकत राहिलो. पण सोफ्याचे जोड पक्के असले की वरून माणूस उठला तरी लाकूड करकरत नाही. ती उठली की बसून राहिली, मला कळलं नाही.